मेणाचा नारळ

आमच्या जावयांना क्रिकेटचं वेड आहे. साधंसुधं नाही. सामना असला की ताट टीव्हीसमोर, आणि आपला गडी बाद झाला की घास तसाच हातात. मागे गणपतीला आले तेव्हा मला म्हणाले, ‘आई, माणसानं आयुष्यात एकदा तरी मैदानात बसून सामना बघायला हवा. टीव्हीत ती मजा नाही.’ मग कुठकुठली मैदानं, कुठकुठले सामने, परदेशातलं ते हिरवळीवरचं टेनिस, सगळं त्यांनी मला ऐकवलं. मी ऐकून घेतलं. जावई आहेत, ऐकावं लागतं. पण सगळं सांगून झालं तरी मालवणच्या बंदराचं नाव निघेना, तेव्हा माझं डोकं फिरलं.

‘अहो, नारळीपौर्णिमेला बंदरावर नारळ लढवताना बघितलेत कधी?’

‘नारळ? नारळ कसे लढवतात?’

घ्या! मुलीला शोधून शोधून शिकलेला नवरा बघितला आणि त्याला नारळ कसे लढवतात ते ठाऊक नाही. मी मुलीकडे बघितलं, तर ती मान खाली घालून हसत होती. त्या दिवशी मी त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. बंदरावरची एक लढत मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे, आणि तशी लढत जगातल्या कुठल्या मैदानात होत असेल तर मला दाखवा.

आधी खेळ सांगते, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. दोघं समोरासमोर उकिडवे बसतात. एकानं आपला सोललेला नारळ मुठीत घट्ट धरायचा, टोक वर. दुसऱ्यानं आपल्या नारळाचं टोक त्यावर हाणायचं. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. न फुटलेला नारळ घेऊन जिंकणारा पुढच्या गड्याला बोलावतो. एवढंच. पण एक नियम आहे आणि तो कडक आहे. खाली धरणारा स्वतःच्या तोंडानं ‘मार’ म्हणत नाही तोवर वरच्यानं हात खाली आणायचा नाही. कधीकाळी कुणाची तरी बोटं चेचली असणार, म्हणून हा नियम आला. ‘मार’ न ऐकता नारळ फोडलात तर तो फोडलेला धरत नाहीत, वर चार शिव्या मिळतात त्या वेगळ्या.

माझे बाबा हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. स्वभाव इतका गरीब, की वर्गात पोरं दंगा करायला लागली की पोरांना बाहेर काढायच्या ऐवजी तेच व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. पण श्रावण लागला की ह्या माणसाच्या अंगात काहीतरी संचारायचं. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या परड्यांच्या, म्हणजे परसांच्या, मध्ये चिऱ्यांचा गडगा होता, कमरेएवढा, आणि गडग्याला लागून आमच्या बाजूला एक वाकडा माड होता. त्याचे नारळ एवढे एवढेसे. खवायला घेतले तर हात भरून यायचे आणि खोबरं निघायचं मूठभर. आई म्हणायची, ‘तोडून टाका तो मेलो माड.’ पण करवंटी अशी जाड, की कोयती उडून परत यायची. बाबा त्या माडाचे नारळ पाडून घ्यायचे, सोलायचे, आणि एकेक कानाशी धरून नखानं वाजवत डोळे मिटून ऐकायचे. ‘हो नको. हो जरा हळवो आसा. हो... हां, हो!’ तो निवडलेला नारळ मग देवाच्या फळीवर जायचा, आणि पौर्णिमेपर्यंत त्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.

गडग्यापलीकडे राहायचे वखारवाले काका. मंगळुरी कौलांची वखार होती त्यांची. आवाज मोठा, पोट मोठं, रागही मोठा. बाबा आणि ते लहानपणापासूनचे दोस्त, एकाच बाकावर बसून शिकलेले, एकाच विहिरीचं पाणी पिणारे. बाबांच्या तोंडात जन्मात कधी वाकडा शब्द आला नाही, पण काकांना हाक मारायची म्हटली की, ‘मेल्या!’ सकाळी विहिरीवर, ‘उठलंस काय रे मेल्या?’ संध्याकाळी गडग्यावर, ‘वखार बंद केलंस, मेल्या?’ आमच्याकडे ‘मेल्या’ ही शिवी नाही हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. ज्याच्यावाचून आपलं चालत नाही त्यालाच मेल्या म्हणतात. बाबांनी आयुष्यात हा शब्द दुसऱ्या कुणाला दिला नाही.

दर नारळीपौर्णिमेला हे दोघं मिळून बंदरावर जायचे. वाजतगाजत मिरवणूक यायची, मानाचा नारळ दर्याला दिला जायचा, होड्यांची पूजा व्हायची, आणि मग वाळूत नारळांची लढाई. शेवटी बहुतेक हे दोघंच समोरासमोर उरायचे. कधी हा जिंकायचा, कधी तो. घरी आल्यावर बाबा ती सगळी लढत पाटावर बसून आम्हांला पुन्हा करून दाखवायचे, हातात वाटी घेऊन. मी बघितली ती तेवढीच. बायका-मुली दर्याची पूजा बघायला जायच्या, पण लढाईच्या गर्दीत घुसायची पद्धत नव्हती. मला दिसायच्या त्या पुरुषांच्या पाठी. पाठी, छत्र्या आणि टोप्या. आत काय चाललंय ते ओरडण्यावरून ओळखायचं.

मी चौथी-पाचवीत असेन तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी गडग्याकडच्या माडानं असा एक नारळ दिला होता, की बाबांनी तो वाजवून बघितला आणि बाकीच्यांना हातच लावला नाही. त्या नारळानं बंदरावर एकामागून एक सगळे नारळ फोडले. शेवटी काकांचाही फोडला, आणि तोसुद्धा पहिल्याच फटक्याला. बाबांची एक रीत होती. जिंकलेला नारळ ते घरी आणत नसत. गुडघाभर पाण्यात जाऊन दर्याला देत. त्या वर्षीही दिला. हात जोडून मागे फिरले तर काका उभे, तोंड लालबुंद, आणि अख्ख्या बंदरासमोर ते ओरडले, ‘मेणाचो होतो तुझो नारळ! म्हणान बुडवून इलंस!’

मेणाचा नारळ म्हणजे लबाडीचा नारळ. डोळ्याला बारीक भोक पाडायचं, आतलं पाणी काढून टाकायचं, पातळ केलेलं मेण ओतायचं आणि भोक बुजवायचं. असा नारळ फुटत नाही. कुणाला मेणाचा नारळवाला म्हणणं म्हणजे त्याचं नाक कापण्यासारखं. कुणीतरी म्हणालं, ‘फोडून दाखवा मास्तरांनू, काय ता कळात.’ पण फोडणार काय? नारळ लाटांवर कुठल्या कुठे गेला होता.  बाबा तसेच ओल्या धोतरानं घरी आले आणि विहिरीवर जाऊन पाय धूत बसले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत ऐकून आले. मी म्हटलं, ‘बाबानू, तो नारळ पाण्यावर तरंगत होतो म्हणतत सगळे. मेणाचो आसतो तर बुडलो नसतो?’ मला वाटलं, सापडला पुरावा! बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘नाय गो. मेणसुद्धा तरंगता.’ शास्त्राचे मास्तर ना! स्वतःला वाचवायलासुद्धा चुकीचं उत्तर चालवून घेईनात. मला इतका राग आला, की मी त्या रात्री जेवले नाही.

पुढे काय झालं ते मालवणात राहिलेल्याला सांगायला नको. आठ दिवसांत बाबांचं नाव मेणमास्तर पडलं. फळ्यावर कुणी खडूनं नारळ काढून ठेवी. परीक्षेत कॉपी करताना पकडलेलं कार्टं दुसऱ्याच्या कानात कुजबुजे, ‘मेणमास्तरान धरलो रे माका.’ बाबा फळा पुसत आणि शिकवायला लागत. पण त्यांनी शपथ घेतली, की काका आपला शब्द परत घेत नाहीत तोवर नारळ लढवायला हातात धरणार नाही. आणि बोलणारही नाही. तिकडे काकांचंही तेच. ‘मास्तर आदी बोललो तर मी बोलतलंय.’

आता अबोला धरायचा तर माणसानं लांब तरी राहावं. ह्यांची विहीर एक, रहाट एक, गडगा एक. काकांचं वासरू आमच्या भाजीत शिरलं की बाबा वासराला सांगत, ‘वासरा, तुझ्या मालकाक सांग, दावा घट बांध.’ पलीकडून काका आमच्या फणसाकडे बघून म्हणत, ‘फणसा, तुझ्या मालकाक सांग, वासराक कळणा नाय गडगो कोणाचो तो.’ कधी मी मध्ये सापडले, तर मी उभी असताना दोन्हीकडून माझ्यामार्फत बोलणं. ‘चेडवा, तेका सांग, रहाटाची दोरी झिजली.’ काका तिथेच हातभर अंतरावर उभे! मी वळून म्हणायची, ‘काकानू, दोरी झिजली.’ ते म्हणत, ‘तेका सांग, माका दिसता.’ दोघंही म्हातारपणाकडे झुकलेले, आणि वागणं बालवाडीतलं. आम्ही पोरं पोट धरून हसायचो. पण एक गोष्ट मात्र मला हसू देत नसे. आमच्या परड्यात ‘मेल्या’ हा शब्द ऐकू येईनासा झाला होता.

बायकांनी हा अबोला एक दिवससुद्धा पाळला नाही, हे इथेच सांगून टाकते. आई आणि काकी गडग्यावर बसून डोक्याला तेल लावत, कालवणाची वाटी इकडून तिकडे जाई, भरून परत येई. काकीनंच आईला सांगितलं, की काका आता दर वर्षी बंदरावर जिंकतात, पण घरी येऊन पाठ करून झोपतात. ‘मास्तर नाय तर जिंकान काय करू, म्हणतत.’ आई म्हणाली, ‘मगे बोलाक काय होता तेंका?’ काकी म्हणाली, ‘पुरुष ते.’ नारळीपौर्णिमेला काका बंदरावर आणि बाबा गावाबाहेरच्या देवळात. बंदरावरचा गलका कानावर यायला नको म्हणून जाऊन बसत ते. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात काय चालायचं ते पुढे येईल.

अशी वर्षं गेली. मी मॅट्रिक झाले, माझं लग्न ठरलं. स्थळ दोडामार्गाकडचं, काजूच्या बागा वगैरे असलेलं. बैठकीला नवऱ्यामुलाचे मामा आले होते. चहा झाला, देणंघेणं नको म्हणून झालं, सगळे खुशीत होते, आणि मामा बाबांना म्हणाले, ‘म्हणजे ते मेणाच्या नारळाचे मास्तर ते तुमीच काय?’ मनात काही वाईट नव्हतं हो त्यांच्या. गमतीत म्हणाले. सगळे हसले. बाबाही हसले, पण त्यांच्या हातातल्या बशीतला चहा धोतरावर सांडला. मी दाराआडून बघत होते. मालवणची गोष्ट थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत गेली होती, आणि आता माझ्या आधी माझ्या सासरी पोचली होती.

पाहुणे गेल्यावर मी कंबर कसली. म्हटलं, ‘बाबानू, ह्या पौर्णिमेक तुमी बंदरावर जातलास.’

‘माझी शपथ आसा गो.’

‘मोडा ती. नारळ हातात धरूक नाय तर लोकांका वाटता मास्तर घाबारलो. म्हणजे नारळ खरोच मेणाचो होतो. मी सासराक गेलंय की तो मामा माका रोज मेणमास्तराचा चेडू म्हणतलो. माका चलाचा नाय!’

बाबा म्हणाले, ‘जिंकलंय तर पुन्ना मेणाचो म्हणतले. हरलंय तर म्हणतले, मेण नाय म्हणान हरलो.’

हे मात्र खरं होतं.  मग मी रडले. ठरवून नाही, आपोआप रडू आलं. म्हटलं, ‘काय म्हणूचा ता म्हणांदेत. मी तुमका एकदासुद्धा लढताना बघूक नाय. वाटी घेवन पाटार बसलेले तेवढेच बघलंय. तुळशीचा लगीन झाला की मी जातलंय. माका एकदा डोळ्यांनी बघूचा आसा.’

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले, तर ते वाकड्या माडाखाली उभे होते, डोळे मिटून, कानाशी नारळ धरून. नखाचा आवाज येत होता. टिक, टिक, टिक. गडग्यापलीकडे काका दात घासत होते. त्यांचा हात थांबला. आवाज त्यांनीही ओळखला. पण बोलतील तर शपथ!

पौर्णिमेच्या दिवशी आई मला म्हणाली, ‘तू जा तेंच्यावांगडा. माका हयसर काम आसा.’ आणि मी बाबांबरोबर गेले. पाऊस उघडला होता, समोर किल्ला धुऊन काढल्यासारखा दिसत होता, दर्या अजून गढूळ आणि खवळलेला. बंदरावर ही गर्दी! भजी तळल्याचा वास, पोरांच्या पिपाण्या, होड्यांना बांधलेल्या पताका. मानाचा नारळ दर्यात पडला, ‘शांत हो रे बाबा’ म्हणून सगळ्यांनी हात जोडले, आणि लगेच वाळूत रिंगणं पडली. मी पदर खोचला आणि घुसले. कुणीतरी म्हणालं, ‘गो चेडवा, खंय चललंस?’ मी म्हटलं, ‘माझो बापूस लढतलो आसा. बाजूक व्हा.’ आणि झाले की बाजूला!

पाठींच्या आत काय असतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. नारळावर नारळ बसतो तो आवाज आधी छातीत लागतो आणि मग कानांत. फुटलेल्या नारळाचं पाणी उडून आपल्या तोंडावर येतं, गोड-खारट. हरलेला हसत उठतो, जिंकलेला फुटकी भकलं मागे ढिगाऱ्यात टाकतो, आणि मघाशी ज्याच्या नावानं बोंबलत होते त्याच्याच पाठीवर लोक थापा मारतात. मी मास्तरांची मुलगी, चारचौघांत आवाज न चढवणारी. पण थोड्याच वेळात माझा घसा बसला होता. कुणाच्या बाजूनं ओरडत होते देव जाणे.

काका मधल्या रिंगणात होते. ढिगारा त्यांच्याच मागे सगळ्यांत मोठा. हातातला नारळ वर करून ते ओरडले, ‘आजून कोण आसा रे?’

बाबा पुढे झाले. धोतर खोचलेलं, हातात तो एवढासा नारळ.

सगळं बंदर गप्प झालं म्हटलं तर खोटं होईल. दर्या होता, पिपाण्या होत्या. पण रिंगणातली माणसं गप्प झाली. काकांचा वर केलेला हात तसाच राहिला. एक म्हातारा तांडेल, आयुष्य होडीवर काढलेला, तिथे पंच होता. तो म्हणाला, ‘बसा मास्तरांनू. जो येता तो आदी धरता.’

बाबा उकिडवे बसले. नारळ मुठीत धरला, टोक वर. काका समोर बसले. त्यांनी आपला नारळ उगारला आणि थांबले. बाबा गप्प. काका वाट बघतायत. बाबा गप्प. तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं, आणि माझ्याही. ‘मार’ म्हणायला हवं! बाबांनी काकांशी बोलायला हवं!

‘सांगा मास्तरांनू!’ मागून कुणीतरी ओरडलं. ‘सांगा, मार म्हणा!’

बाबांनी इकडेतिकडे बघितलं. मला शप्पथ वाटलं की ते वासरू शोधतायत. वासरू नव्हतं, फणस नव्हता. मी होते. ते माझ्याकडे वळले आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाले, ‘चेडवा, तेका सांग, मार म्हणान.’

सगळं रिंगण खदखदलं. तांडेल हसला नाही. तो म्हणाला, ‘दुसऱ्याच्या तोंडान चलाचा नाय. नियम आसा.’

‘आयकलास?’ मी म्हटलं. ‘नारळ तुमच्या मुठीत आणि जीभ तुमच्या तोंडात. माका कित्याक सांगतास?’

काकांचा हात वर धरून अवघडला होता. जड शरीर, उकिडवं बसलेलं, कपाळावर घाम. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. कितीतरी वर्षांत नीट, समोरासमोर, पहिल्यांदा बघितलं. आणि मग एकदम चिडून, विहिरीवर ओरडायचे तसे ओरडले, ‘मार रे मेल्या! हात दुखाक लागलो माझो!’

काकांचा हात खाली आला, पण नारळावर नाही. मांडीवर.  ते म्हणाले, ‘काय म्हणालंस?’

‘मार म्हणालंय.’

‘नाय. पुरा सांग.’

‘मार रे मेल्या!’

काका हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि त्या हसण्यात त्यांनी नारळ उचलला आणि मारला. असा बसला, की माझ्या दातांत कळ गेली.

बाबांचा फुटला.

सरळ दोन भकलं. पाणी उडालं ते काकांच्या तोंडावर, सदऱ्यावर.  माझ्या हट्टानं बाबांना इथे आणलं, आणि हरले! पण बाबा हातातल्या भकलाकडे बघत होते. पांढरंशुभ्र खोबरं. जाड करवंटी, आणि आत पांढरंशुभ्र खोबरं. मेण नाही, काही नाही. आणि मग माझे बाबा, वर्गातून स्वतःच बाहेर जाणारे माझे बाबा, उडी मारून उठले आणि दोन्ही भकलं दोन हातांत उंच धरून नाचायला लागले.

‘बघा! बघा रे! खोबरा बघा! तोच माड, तीच करवंटी! मेण दाखवा माका! खंय आसा मेण?’

ते रिंगणभर फिरले. ज्याच्या त्याच्या नाकाखाली नारळ. ‘वास घे! खाऊन बघ!’ एक भकल तर लोकांनी तिथल्या तिथे खाऊन संपवलं. हरल्यावर इतका आनंदलेला माणूस मी आजतागायत बघितलेला नाही, आणि जावयांचे सामने मी पुष्कळ बघितलेत. जिंकलेला नारळ फुटत नाही आणि बाबांच्या रीतीनं तो दर्याला जातो, म्हणून जिंकून बाबांना काही दाखवताच आलं नव्हतं. हरायलाच हवं होतं. हे इतक्या वर्षांत आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, बाबांच्या तर नाहीच.

काकांनी खोबऱ्याचा एक तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. मग आपला तो मोठा आवाज काढून सगळ्यांना सांगितलं, ‘खरो आसा. तेवा पण खरोच होतो. मी हरललंय, म्हणान बोललंय.’ आणि बाबांना म्हणाले, ‘घेतलंय रे परत. शब्द घेतलंय माझो परत.’

बाबा म्हणाले, ‘बरा झाला.’ एवढंच. 

मग तांडेल म्हणाला, ‘फुटलेलो नारळ जिंकलेल्याचो. दिया ता भकल तेंका.’ बाबांनी उरलेलं भकल छातीशी धरलं. ‘ह्या देवचंय नाय!’ काका म्हणाले, ‘अरे, नियम आसा!’ ‘नियम गेलो खड्ड्यात. ह्या मी शाळेत दाखवतलंय. ह्या दोडामार्गाक नेवन तेंच्या मामाक दाखवतलंय!’ अबोला सुटून दोन मिनिटं झाली नव्हती, आणि ह्यांचं नवं भांडण सुरू. भांडतच आम्ही तिघं घरी निघालो. वाटेभर ते दोघं बोलत होते, दोघंही एकदमच, आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, आल्यावर बाबा ओरडले, ‘आयकलंस गो? हरलंय! हरलंय मी!’ आणि काकांना हाताला धरून तसेच आत, थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. आणि तिथे दोघंही थबकले.

चुलीवर आमचा लग्नकार्याचा मोठा टोप होता, नारळीभाताचा. टोपापाशी आई. आणि विळीवर, खोबरं खवत, काकी. तिच्या बाजूला तिच्याच घरचा डबा, झाकण काढून तयार ठेवलेला. एरवी पुरुष घरी यायच्या आत डबा भरून गडग्यावरून पलीकडे जायचा. आज आम्ही लवकर आलो होतो.

काकांनी टोपाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. ‘म्हणजे... दर वर्षी?’

‘दर वर्षी,’ काकी खवता खवता म्हणाली. ‘तुमी बोलत नाय होतास. आमी कित्याक चुली दोन पेटवच्यो?’

म्हणजे अबोल्याच्या प्रत्येक पौर्णिमेला हे दोन शत्रू एकाच टोपातला भात जेवले होते. बाबा काकांकडे बघायला लागले, काका बाबांकडे. दोघंही चोरी पकडल्यासारखे उभे. आईनं मागे वळून बघितलं आणि म्हणाली, ‘उभे काय ऱ्हवलास? एकत्र बसल्यार भात जास्ती जातलो. खोबरा कमी पडात. हातात ता काय आसा? दिया हयसर.’

बाबांनी हातातल्या भकलाकडे बघितलं. बंदरावर नियमाला न दिलेलं, शाळेत दाखवायचं, दोडामार्गाला न्यायचं ते भकल. मग काकांकडे बघितलं. आणि वाकून ते काकीच्या हातात दिलं.

काकीनं खवलं. मूठभरच निघालं, त्या माडाचं तेवढंच निघतं. आईनं ते भातात घातलं आणि झाकण ठेवलं.

जेवताना काकांनी परत परत भात मागून घेतला, आणि घासागणिक बाबांना म्हणत राहिले, ‘मेण नाय हां, मास्तरा. अजाबात मेण नाय.’

‘गप जेव रे मेल्या,’ बाबा म्हणाले.